उत्तरेस मोकळी जागा

कोर्टात निकाल न्यायाधीश देतात, असं आपण शाळेत शिकतो. मीही शिकले होते. मग एका दिवाणी कोर्टात कारकून म्हणून लागले आणि कळलं, की निकाल साहेब देतात खरा, पण तो पक्का होतो माझ्या टेबलावर. साहेबांचा निकाल चाळीस पानांचा. कोण काय म्हणालं, कोण धडधडीत खोटं बोललं, कायदा काय सांगतो, सगळं त्यात. त्यातून शेवटचा आदेश उचलून दोन पानांचा हुकूमनामा तयार करायचा, हे माझं काम. त्यावर साहेबांची सही आणि कोर्टाचा शिक्का पडला, की साहेबांच्या लेखी आदेशाशिवाय त्यातला स्वल्पविरामही हलत नाही. हुकूम बजावायला बेलीफ जागेवर जातो तो ही दोन पानं घेऊन. बाकीची चाळीस त्याने कधी उघडलेली मी पाहिली नाहीत.

हुकूमनामा पक्का होण्याआधी त्याचा मसुदा दोन्ही बाजूंच्या वकिलांना दाखवायचा असतो. त्यांनी तो वाचायचा, चुका सांगायच्या आणि सही करायची. यातली शेवटची गोष्ट ते नेमाने करतात. कानाला फोन लावून करतात, जिना उतरताना करतात, एकदा एका वकीलसाहेबांनी तर माझ्या पाठीवर कागद ठेवून केली आणि जाताना माझं पेनही नेलं. मी मात्र एकेक अक्षर जुळवून टाइप करायची, आणि या लोकांना त्याचं काही नाही. माझा नुसता संताप व्हायचा.

त्या दिवशी हाताखाली मातोरीकडच्या एका बाईंचा दावा होता. त्यांच्या द्राक्षबागेत जायचा रस्ता चुलत दिराच्या शेतातून जायचा आणि दिराने तो तारेचं कुंपण घालून बंद केला होता. बाई कित्येक वर्षं तारखांना येत होत्या आणि अखेर जिंकल्या होत्या. हुकूमनाम्यात दिराच्या शेताच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहायचं होतं. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस नाला, दक्षिणेस बाईंची बाग. उत्तरेस खरं तर गावरस्ता. पण माझं डोकं फिरलं होतं. मी टाइप केलं, ‘उत्तरेस : उभय पक्षांच्या वकिलांनी न वाचलेली मोकळी जागा.’

आणि खुदुखुदु हसत उरलेला मजकूर संपवला.

सह्या झाल्या की दोघांच्या नाकासमोर ते वाक्य धरायचं, चांगली लाज काढायची आणि मग खोडून टाकायचं, असा माझा बेत होता. सह्या झाल्या. दोघांनी मिळून अर्धं मिनिट घेतलं. पण त्याच संध्याकाळी मला ताप भरला आणि मी चार दिवस घरी. शेजारच्या टेबलावरच्या बाई फार कामसू. त्यांनी माझा गठ्ठा साहेबांकडे सहीला पाठवून दिला. मी परत आले तेव्हा साहेबांची सही झाली होती, शिक्का पडला होता आणि हुकूमनामा दप्तरी दाखल झाला होता.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. वकिलांनी वाचलं नाही, साहेबांनी वाचलं नाही, आता कोण वाचणार, असा विचार करून मी डबा उघडला आणि जेवले. हे लिहायला लाज वाटते, पण भेंडीची भाजी होती हेसुद्धा आठवतंय.

आठवड्याने खिडकीशी मातोरीच्या बाई आल्या. हातात हुकूमनाम्याची शिक्क्याची नकल. पन्नाशी उलटल्यावर नातीच्या पुस्तकावरून वाचायला शिकलेल्या, हे त्यांनी मला मागे एकदा फार अभिमानाने सांगितलं होतं. कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, “ताई, हे चुकलंय. आठ दिसांत बाग उतरायचीय. बेलीफ आला अन्‌ पिकअप आत नाय गेली, तर माल झाडावरच सडायचा.”

“कळलं मावशी, कळलं,” म्हणत मी त्यांच्या हातातून कागद ओढला आणि थेट साहेबांच्या चेंबरमध्ये गेले.

सगळं खरं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ती ओळ वाचली. मग खालची स्वतःची सही बघितली. “वकिलांना बोलवा,” म्हणाले. दोघे आले. इतकी वर्षं एकमेकांचं एकही वाक्य मान्य न केलेली ती माणसं त्या दिवशी एका सुरात म्हणाली, की ही केवळ लेखनातली चूक आहे. साहेबांनाही ते पटलं. न पटून सांगतात कोणाला? चूक कोर्टाने स्वतःहून दुरुस्त करावी असा आदेश झाला, आणि मला लेखी खुलासा मागण्यात आला. तो देणं भागच होतं.

मी ‘गावरस्ता’ घालून नवा हुकूमनामा काढला. वकिलांनी सह्या केल्या. न वाचता. मला मनातल्या मनात फार बरं वाटलं. साहेबांकडे नेण्याआधी बाहेर बाकावर बसलेल्या बाईंना ऐटीत दाखवला.

त्यांनी पुन्हा बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

“ताई, चूक तशीच हाय.”

“अहो मावशी, ते उत्तरेचं काढलं ना!”

“उत्तरेचं व्हय? ते मला वाटलं कोर्टाची भाषा असंल. मी हे म्हणत व्हते. रस्ता उगवतीच्या बांधानं हाय. तुम्ही मावळतीच्या लिवलाय. मावळतीला नाला हाय, ताई. पिकअप काय नाल्यातून न्यायची?”

मी चाळीस पानांचा निकाल उघडला. साहेबांनी स्वच्छ लिहिलं होतं, ‘पूर्वेकडील बांधालगत’. मी पश्चिमेकडील केलं होतं. तीच ओळ, त्या मोकळ्या जागेनंतरची, जी मी हसत हसत टाइप केली होती. वर ‘पश्चिमेस नाला’ हेही मीच लिहिलेलं. आणि नवीन प्रत काढताना मी फक्त माझी थट्टा तेवढी खोडली होती. बाकीचं मीही वाचलं नव्हतं. बाईंकडे मान वर करून बघवेना.

दुसऱ्यांदा चेंबरमध्ये गेले तेव्हा साहेब चिडतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, “त्या बाईंना आत बोलवा आणि खुर्ची द्या.”

हुकूमनाम्यावर वकिलांच्या सहीला जागा असते, कारकुनाच्या आणि साहेबांच्या सहीला असते. ज्याचा रस्ता, त्याच्यासाठी कुठेच काही नसतं. तिसरी प्रत बाईंच्या पुढे ठेवली. त्या वाचू लागल्या. साहेब, दोन वकील आणि मी, चौघे त्यांच्या बोटाकडे बघत उभे. दोन पानांना वीस मिनिटं लागली. कोणाचा तरी फोन वाजला, तो त्याने मुकाट्याने बंद केला.

बाईंनी बोट उचललं, पदराने कपाळ पुसलं आणि साहेबांकडे न बघता मला म्हणाल्या, “आता बराबर हाय. मारा शिक्का.”