आईची नववी लेव्हल

माझा मामा गेमच्या कॅसेट दुरुस्त करतो. टीव्हीला जोडायच्या जुन्या डब्यात वरून खुपसायच्या, जाड प्लास्टिकच्या. हे काम आता जगात किती जण करत असतील देव जाणे, पण मामाला विचाराल तर तो एकटाच ते नीट करतो, बाकीचे सगळे खेळखंडोबा करतात. त्याचं दुकान म्हणजे एक टेबल, एक खिडकी आणि त्याचा तिरसट स्वभाव.

आई त्याची मोठी बहीण. लग्नाआधी ती गेम बनवणाऱ्या एका कंपनीत चित्रं काढायची. चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवायची, मग तेच कोणीतरी कॉम्प्युटरवर चढवायचं. चार वर्षं तिने दुसऱ्यांनी सांगितलेल्या विटा आणि ढग काढले. शेवटी एक अख्खी लेव्हल तिच्या एकटीच्या वाट्याला आली. पाण्यात बुडालेलं शहर, पायऱ्या उतरत खाली खाली जायचं. गेम बाजारात यायच्या आठ दिवस आधी कॅसेटमध्ये जागा पुरेना, तर साहेबांनी ती लेव्हलच काढून टाकली. पुढे लग्न झालं, मी झाले, आणि आईने ब्रश हातात धरला तो थेट घराला रंग द्यायलाच.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आईची मधली नजर जाणार, फार तर वर्षभर टिकेल. घरी येऊन चपला काढता काढता ती म्हणाली, "ती लेव्हल एकदा बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं." मामा तिथेच बसला होता. झालं, त्या दिवसापासून त्याने स्वतःची झोप उडवून घेतली.

त्याने त्या गेमची कॅसेट उघडली, आतल्या चिपमधलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि आकड्यांचे रकानेच्या रकाने वाचत बसला. गेममध्ये लेव्हल आठ, पण आतल्या यादीत जागा नऊ. नवव्या जागेवर चित्र नव्हतं, रस्ता नव्हता. काढणाऱ्याने सगळं काढलं होतं, फक्त सोळा रंगांची एक पट्टी काढायची विसरला होता. मामाने ते सोळा रंग कागदावर छापून आईपुढे ठेवले. तिने कागद अगदी नाकाशी धरला.

"हा हिरवट आहे ना, तो पायऱ्यांच्या सावलीचा," ती म्हणाली. "साहेब म्हणायचे, सावली काळी कर. मी नाही केली."

मग मामा इंटरनेटवर असल्या गाडल्या गेलेल्या गोष्टी शोधणाऱ्यांच्या मागे लागला. ती सगळी त्याच्या निम्म्या वयाची पोरं. त्यांच्याशी तो चष्मा कपाळावर चढवून भांडायचा, आणि जिंकला की मला फोन करायचा. सात महिने असे गेले. आईला तोवर माणसांचे चेहरे दिसेनासे झाले होते. कडेकडेचं दिसायचं, म्हणून ती मान वाकडी करून बघायची.

आठव्या महिन्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा निरोप आला. ते त्याच कंपनीत गेम खेळून चुका शोधायचं काम करायचे. त्यांच्या कपाटात चाचणीच्या कॅसेटची आतली सर्किटची पाटी नुसतीच, वरच्या प्लास्टिकशिवाय पडून होती, लेव्हल काढून टाकायच्या आधीची. त्यांनी ती कापसात गुंडाळून पाठवली. सोबत चिठ्ठी होती : मध्ये एकदा लावली होती, तेव्हा नऊच्या नऊ लेव्हल आल्या.

मी आईला घेऊन दुकानात गेले. पाटी टेबलावर होती, हिरवी, चिपांनी भरलेली. एका कोपऱ्यात रुपयाएवढा गोल सेल.

"मामा, लाव ना आधी," मी म्हणाले. "बघू तरी दे तिला."

"चाळीस वर्षं हे करतोय मी," मामा खेकसला. "जुन्या सेलला पाणी सुटतं, पाटी खाऊन टाकतं. आधी सेल बदलायचा, पाटी पुसायची, मगच वीज. घाईने जळलेल्या पाट्या दाखवू का तुला?"

त्याचं ऐकून मी आईला स्टुलावर बसवलं. एरवी त्याचं बरोबरच असतं. त्याने सोल्डरचा डाग तापवून जुना सेल काढला, ब्रशने पाटी घासली, नवा बसवला. एकही डाग इकडेतिकडे पडला नाही. मग पाटी डब्यात खुपसली आणि बटण दाबलं.

पडद्यावर नुसत्या रंगीबेरंगी चौकटी आल्या, कशाचा कशाला मेळ नाही.

मामाने परत लावून पाहिलं. टोकं पुसून परत. मग पाटी उलटी करून चिपांवरचे नंबर भिंगाने वाचू लागला, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा पडला. बाजारात विकल्या जाणाऱ्या कॅसेटमध्ये गेम चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो. सेल सांभाळतो ते फक्त खेळणारा कुठवर पोचला तेवढं. त्या पाटीवर रोज नवा बदल करून बघायचे, म्हणून अख्खा गेमच पुसता येणाऱ्या चिपांमध्ये होता. तो टिकून होता त्या एवढ्याशा सेलच्या जिवावर, इतकी वर्षं; सेल क्षणभर निघाला तरी सगळं पुसलं जाणार. मी सांगितलं तसं काहीही न करता नुसतं बटण दाबलं असतं, तर आईचं शहर समोर आलं असतं. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून तरी काय होणार होतं?

आई मान वाकडी करून पडद्याकडे बघत होती. "रंग दिसतायत," ती म्हणाली. "हेच का?"

"नाही ताई," मामा म्हणाला. "हे तुझं नाही. तुझं होतं ते माझ्या हातून पुसलं गेलं."

"सगळं?"

"सगळं."

आईने मांडीवरची पिशवी एकदा सरळ केली. "माझं असं तेवढंच होतं रे," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर आम्हाला दोघांना काहीतरी करता आलं असतं.

मामा उठला नाही. नवा सेल डाग तापवून काढला आणि तो जुनाच उचलून परत त्याच जागी बसवू लागला. त्याने काही होत नाही हे आमच्या तिघांत त्यालाच सगळ्यात जास्त कळतं. आता मात्र डाग भलतीकडेच पडत होता.

"तो परत लावला तर येईल का रे?" आईने विचारलं.

गिऱ्हाइकाला मामा तोंडावर सांगतो, होईल किंवा होणार नाही, घेऊन जा. मधलं उत्तर मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"बघतो, ताई," तो म्हणाला.