जग बुडाल्यावरच्या गोळ्या

आमच्या शेजाऱ्याला जग बुडणार याची पक्की खात्री आहे. जिन्यात त्याचे पाण्याचे ड्रम आणि ज्वारीची पोती, आम्ही रोज अंग चोरून चढायचं. तक्रार केली की म्हणतो, "सगळं बंद पडल्यावर गल्ली पुन्हा उभी कोण करणार? माणसं जगवाय नको?" माझ्या बीपीच्या गोळीचं नावही त्यानं खोदून खोदून विचारलं, नुसता वैताग.

परवा त्यानं ट्रंक उघडून दाखवली. त्यात कंदील होता, बियाणं होतं आणि माझं नाव घातलेलं गोळ्यांचं पाकीट.

काल माझ्या गोळ्या संपल्या म्हणून त्यातली एक मागितली, तर त्यानं ट्रंकेला कुलूप लावलं.

"जग कुठं बुडालंय, साहेब? गुलमंडीतलं मेडिकल उघडं हाय. चालत जा, बीपीला लई चांगलं."