पडलेल्या वाऱ्यातला बार

सायलस काकाच्या तोंडाला लागायची आमच्या किनाऱ्यावर कुणाची छाती नव्हती. तो शिकारीचा कारभारी. वसंतात जेम्स बेच्या उपसागरावर रानहंस उतरायला लागले की कुठल्या खाडीत बसायचं, कुठली मोकळी ठेवायची, बार कधी काढायचा, हे तो सांगणार आणि बाकीच्यांनी निमूट ऐकायचं. पहाटे तो तंबूबाहेर उभा राहून गालांना वारा लागतो का ते बघायचा. वारा असला की मान हलवायचा. नसला की चहा प्यायला परत आत. वारा पडलेल्या दिवशी बंदुकीचा आवाज कुठच्या कुठे जातो. बर्फाच्या कडेला बसलेले सगळे थवे तो ऐकतात, उठतात, आणि त्या वर्षी त्या खाडीचं तोंड बघत नाहीत.

माणूस न्यायाचा, पण लाडका वगैरे अजिबात नाही. माझ्या रूपर्ट मामाच्या एल्डनने एकदा तिन्हीसांजा झाल्यावर बार काढला. अंधारात नळीतला जाळ लांबून दिसतो, हंस बिचकतात. काकाने त्या लग्न झालेल्या बाप्याला शिकार अर्धी सोडून गावी परत पाठवलं. बायकोच्या भावाचा मुलगा म्हणून गय केली नाही.

"दाजी, तुमचा मुलगा असता तर?" मामाने विचारलं.

"त्याला पुढच्या वर्षीही आणला नसता," काका म्हणाला.

मामाने ते हसण्यावारी नेलं, पण त्याच्या मनातून ते गेलं नव्हतं.

मॉडी मावशी, म्हणजे काकाची बायको, माझ्या आईची आणि मामाची धाकटी बहीण. थव्यांना भुलवून खाली उतरवायचे शिकारीचे खोटे हंस तीच बनवायची. टॅमरॅक झाडाच्या ओल्या डहाळ्या दोऱ्याने आवळून आधी अंग, मग मान, मग चोच. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या हंसांना ती खेळणी म्हणायची. काका तिचे हंस चिखलात वाऱ्याकडे तोंड करून मांडायचा, कारण खरे हंस तसेच बसतात. ती मागून ओरडायची, "सगळ्यांना चरायला लावू नकोस, म्हाताऱ्या. एक मान वर केलेला ठेव, तुझ्यासारखा खडूस."

त्या वर्षी मोंट्रियलच्या हॉस्पिटलातून मावशीला परत पाठवलं, आता करण्यासारखं काही नाही म्हणून. तिने गावात राहायला साफ नकार दिला. स्नोमोबाइलच्या मागच्या घसरगाडीत घोंगड्यांत गुंडाळून आम्ही तिला कॅम्पवर नेलं आणि तंबूत स्प्रूसच्या फांद्यांवर निजवलं. तिचं मागणं एकच होतं. नव्या हंसाचा रस्सा. फ्रीझरमधला मागच्या वर्षीचा नको.

आणि नेमका वारा पडला. पहाटेमागून पहाट काका बाहेर जाऊन उभा राहायचा आणि मान खाली घालून आत यायचा. हंस वरून जात होते, त्यांचा आवाज मावशीला ऐकू येत होता. तिला पाणीही घोटभर जाईनासं झालं, तेव्हा मामा आला.

"दाजी, एक बार काढा. कुणी चकार शब्द बोलणार नाही."

"दुसऱ्या कुणी काढला असता, तर मी बोललो असतो," काका म्हणाला.

"रूपर्ट, तू गप बस," आतून मावशी म्हणाली. "एका बाईच्या पोटासाठी सगळ्या गावाला उपाशी ठेवणार का? मी थांबते."

ती थांबू शकणार नाही हे तिघांनाही कळत होतं. मला काकाचा संताप आला होता. नियम काय चाटायचाय, असं माझ्या मनात येत होतं.

दुसऱ्या सकाळी पाणी अगदी निवांत होतं. काका खोटे हंस आणि बंदूक घेऊन निघाला. वारा नव्हता, तर त्यांची तोंडं कुठे करायची, तेही त्याला सुचलं नसावं. दुरून मला ते कसेही मांडलेले दिसले. तरी एक थवा फिरत फिरत खाली आला.

बार एकच झाला. सारा उपसागर उठला. आभाळभर हंसांचा गलका झाला, तो उत्तरेकडे लांब लांब जात राहिला आणि मग काहीच ऐकू येईना.

"कोण तो गाढव?" मावशीने विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

हंसाची पिसं काढणं आमच्याकडे बायकांचं काम. काकाने मला हात लावू दिला नाही. पिसं त्यानेच काढली, पातेलं त्यानेच चढवलं, वाडगा घेऊन तोच तिच्याजवळ बसला. मावशी वाडगा परत करील असं मला वाटलं, आणि तिने केला असता तर मी तिला दोष दिला नसता.

"वारा होता?" तिने विचारलं.

"नव्हता." मी असते तर खोटं बोलले असते.

"किती गेले?"

"सगळे."

तिने वाडग्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "एवढं महाग मला कधी कुणी काही आणलं नव्हतं. सांडू नकोस. नीट भरव."

जिला पाणीही जात नव्हतं ती बाई, थांबत थांबत, धाप टाकत, सगळा वाडगा प्यायली. रश्श्याचा थेंब त्याच्या बाहीवर पडला तर त्यावरूनही ओरडली. त्यानंतर ती फार जगली नाही.

त्या वर्षी हंस परत आले नाहीत. आम्ही मासे खाल्ले, गावाचे फ्रीझर हिवाळाभर रिकामे राहिले. मावशीला पुरल्यावर काका घरोघरी गेला आणि म्हणाला, "मी चुकलो. दुसरा कारभारी बघा." लोकांनी मामाला कारभारी केलं.

पुढच्या वसंतात पहिल्याच पहाटे झकास वारा सुटला. हंस खाली उतरत होते, पण एकही माणूस निघेना. बंदुका घेऊन सगळे काकाच्या तंबूसमोर उभे, पुढे मामा, त्याच्याशेजारी एल्डन.

"दाजी, आम्हाला जा म्हणा."

"कारभारी तू आहेस," काका आतून म्हणाला. "माझा मान मीच घालवला."

"माझ्या बहिणीला रस्सा पाजलात," मामा म्हणाला. "घालवलात कुठे?"

काका बाहेर आला. बोलायला गेला आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागला. मावशी गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. हंस डोक्यावरून खाडीकडे चालले होते. त्याचं रडणं संपेपर्यंत एकानेही पाऊल उचललं नाही.