इंजिनावरचा भंडारा

देवाचं नाव घेऊन निघालो आणि देवालाच बोल लावत रस्त्यात बसलो, असा तो दिवस होता. माझे थोरले भाऊ, ज्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, मिरजेच्या दवाखान्यात होते. साखरेच्या दुखण्यानं त्यांच्या पायाचं बोट काळं पडलं होतं. ते आजच काढलं नाही तर विष वर चढेल आणि पाय गुडघ्यापासून जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि आमचे दादा म्हणत होते, "बिरोबाचा भंडारा कपाळाला लागल्याबिगर म्या टेबलावर चढायचा न्हाई." पुतण्यानं समजावलं, डॉक्टर रागावले, मी फोनवर ओरडलो. दादा ढिम्म. शेवटी वडूजकडच्या आमच्या गावातल्या टेकडीवर जाऊन देवाची ती चिमूटभर हळद मलाच आणावी लागली.

आमच्यात गाडी देवापाशी गेली की बॉनेट उघडून इंजिनावरही भंडारा उधळतात. मी तोही उधळला, पण दादा विचारतील म्हणून. पुडी खिशात घातली आणि निघालो. विटा ओलांडलं आणि माझी जुनी पिकअप गचकली. हॅ, असा वैताग आला म्हणून सांगू! गेले काही दिवस तिचं हेच चाललं होतं. डिझेलच्या पंपावर एक सोलेनॉइड असतो. चावी फिरवली की त्याला वीज मिळते, तो टक् करून आतला दांडा ओढतो आणि डिझेलची वाट उघडते. वीज तुटली की वाट बंद, इंजिन गप्प. त्या दिवशी टक् वाजतच नव्हतं. स्टार्टर नुसता घरघरत होता.

मी लष्करात ड्रायव्हर होतो, त्यामुळे सगळं आपल्याला कळतं अशी माझी समजूत. फ्यूज पाहिला, शाबूत होता. सोलेनॉइडचा प्लग काढून वायरीला मीटर लावला, तर बरोबर बारा व्होल्ट. म्हणजे वायर चांगली. म्हणजे आदल्या आठवड्यात बसवलेला नवा सोलेनॉइडच बोगस! तो काढला, झटकला, पुसला, परत बसवला. काही नाही. वायरी नीट दिसाव्यात म्हणून भंडाऱ्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, तर त्याचा पिवळा चिखल झाला. एसटी तर नुकतीच गेली होती. हात केला तर गाड्या थांबत नव्हत्या. पुतण्याचा फोन आला, "काका, दादा तोंड फिरवून बसल्यात. डॉक्टर पुढचा पेशंट घ्यायचं म्हनत्यात." मी चावी तशीच चालू ठेवून खाली उतरलो आणि टेकडीच्या दिशेनं तोंड करून देवाला म्हणालो, "तुझ्यासाठीच आलो होतो ना? मग हे काय मांडलंयस?"

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक म्हातारी आली. माझ्यापेक्षा थोरली असेल. उघड्या बॉनेटमध्ये वाकून तिनं मलाच झापलं. "देवाच्या भंडाऱ्यावर असं पानी वततात व्हय रं? आन् त्यात कुकू कुनी घातलं?"

"कुंकू कुणी न्हाई घातलं, मावशी. जावा तुमी."

"मग ह्ये काय हाय? माजं डोळं गेल्यात का तुजं?"

तिला खोटं पाडायला म्हणून मी पाहिलं. पंपामागं एका लोखंडी पट्टीवरून वायरींचा जुडगा जातो. सगळीकडे पिवळा चिखल, आणि नेमका त्या पट्टीवर बोटभर लाल डाग. मी तो पुसायला बोट घातलं आणि एक वायर हलली. पट्टीला घासून तिचं आवरण फाटलं होतं, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. जरा ओढली तर हातात आली. सगळ्या तारा झिजून ती एका तारेवर तगली होती. त्या एका तारेवरून मीटरला बारा व्होल्ट दिसत होते, पण सोलेनॉइडनं काम मागितलं की ती हात टेकत होती.

वायर सोलून जोडली, टेप गुंडाळली, चावी फिरवली. टक्! म्हातारीचे आभार मानायला वळलो, तर ती मेंढरांवर ओरडत पार पुढं गेली होती.

माझी मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. फाटक्या वायरीतून ओल्या हळदीत वीज झिरपली की लोखंडाच्या बाजूला हळद साबण लागल्यासारखी लाल होते, असं तिनं नंतर सांगितलं. ती खरंच सांगत असणार. पण भंडारा मी नाइलाजानं उधळला होता, पाणी वैतागून ओतलं होतं आणि चावी रागाच्या भरात चालू ठेवली होती. भक्तीनं मी त्या दिवशी काहीच केलं नव्हतं. तरी देवानं माझा रागसुद्धा कामाला लावून घेतला, यानंच मला आजही भरून येतं. आता चिडलो तरी निदान हातातलं काम त्याच्यावर सोपवून चिडतो. गाडी पुसताना तेवढी पट्टी सोडतो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दादांना आत न्यायची शेवटची संधी होती. त्यांनी शांतपणे भंडारा कपाळाला लावला. मग माझा घामेजलेला, ग्रीसनं माखलेला अवतार पाहून उरलेली चिमूट माझ्या कपाळावर फासली. "माजं बोटच जानार हाय. तुजं डोस्कं आदी थंड हूं दे." आणि ते आत गेले. पाय वाचला. आज ते दोन्ही पायांनी टेकडी चढतात.

त्या दिवशी त्यांच्यामागं दार बंद झालं तेव्हा देवाचं नाव घ्यायचं राहून गेलं होतं. ते इथं घेतो. बिरोबाच्या नावानं चांगभलं.