तरंगबाईंचा रेडिओ

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे तरंगबाई म्हणायचे. टोपणनाव मीच पाडलं होतं. माझी जीभच तिखट.

वायरलेसवर माहिती पाठवताना ती अनेक बारीक लहरींवर वाटून पाठवतात. माझ्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या फोरियर पद्धतीत प्रत्येक तुकड्याआधी थोडा वेळ राखून ठेवावा लागतो, भिंतींवर आपटून मागाहून येणारे प्रतिध्वनी जिरायला. "ही उधळपट्टी आहे," ती म्हणायची. "माझ्या वेव्हलेटना, या आखूड तरंगांना, तसलं राखीव काही लागत नाही." सहा वर्षं ती त्यामागे हात धुऊन लागली होती. प्रयोगशाळेतल्या केबलवर तर मला दरवेळी धूळ चारायची.

त्या दिवशी कारखान्याच्या लोखंडी शेडमध्ये शेवटची चाचणी होती. क्रेनचं ओझं रेडिओच्या हुकमाने पिवळ्या रेषेवर थांबलं, तर तिचा विभाग टिकणार, नाहीतर कुलूप. रेषेपलीकडे ओझं थांबवायचं बटण घेऊन तिचे बाबाच उभे राहिले. त्यांचा जन्म क्रेन चालवण्यात गेला होता आणि त्या आवाजात कानही.

"माझ्या पोरीचं यंत्र आहे. मीच उभा राहणार!"

रिकामा हूक बरोबर रेषेवर थांबला. चाचणी बघायला आलेले आमचे साहेब खूश. "आता ओझं लावा."

मी तिच्या पडद्याकडे पाहिलं. संदेश नीट पोचला की त्याचे ठिपके एका जागी दाटीने बसतात; इथे ते पार विस्कटले होते. केबलमध्ये प्रतिध्वनी नसतात. इथे चारही बाजूंना पत्रा. हुकूम एकदा पोचला होता, पुन्हा पोचेलच असं नव्हतं. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती गप्प राहिली असती, तर कदाचित निभावलंही असतं.

मी तोंड उघडण्याआधीच ती ओरडली, "थांबवा! बाबा, मागे व्हा!"

बाबांना ऐकू गेलं नाही. तिने धावत जाऊन त्यांना दंडाला धरून ओढलं.

"आता काय झालं?" साहेब उखडले.

"इथे माझा रेडिओ भरवशाचा नाही." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांचा लावा."

माझं यंत्र बसवलं. बाबा पुन्हा जागेवर गेले. तिने माझ्याकडे पाहिलं, मी होकाराची मान हलवली. ओझं डुलत आलं. बाबांनी बटण दाबलं. रेषेवर थांबलं.

"बघितलंत?" बाबा हसत आले. "माझ्या पोरीचं यंत्र!"

मी जिंकलो होतो, आणि माझी मान वर होईना. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "बाबा, हे यांचं आहे. माझं नाही."

बाबांचा चेहरा उतरला.

"मग आधी सांगायचंस ना गं," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या यंत्रापुढे मी उभा राहिलो असतो होय?"