दम कमी करायचा

पेणजवळच्या एका शाळेत मी मुलांना व्यायाम शिकवते. आजही मैदानावर शिट्टी तोंडाशी नेताना मला एक मुलगी आठवते.

सातवीच्या मुलांना मी वहीत आपापलं ध्येय लिहायला सांगितलं होतं. महिनाभरात तब्येतीसाठी काय करणार, एवढंच. कोणी दोरीवरच्या उड्या लिहिल्या. एकजण वडापाव सोडणार होता, तोही फक्त सोमवारी. हमरापूरच्या एका मुलीनं लिहिलं, 'दम कमी करायचा.' मला हसूच आलं. सगळं जग दम वाढवायला धावतंय आणि हिची गंगा उलटी! 'कमी'वर लाल रेघ मारून मी वर 'वाढवायचा' लिहिलं. ती काहीतरी बोलू बघत होती. "बाईंना शिकवू नकोस," म्हणून मी वही मिटून पिशवीत टाकली. माझी जीभ तशी तिखटच.

दुसऱ्या दिवशी मैदानाला चार फेऱ्या होत्या. तिसऱ्या फेरीत ती मागे पडली. "दम धर, थांबू नकोस!" मी ओरडले. ती थांबली नाही. चौथ्या फेरीत मात्र गुडघ्यांवर बसली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, ओठ निळसर पडले होते. रिक्षात तिला मांडीवर घेऊन बसले, तर रामवाडीचा दवाखाना येता येईना. हिला काही झालं तर ते मी केलं, एवढं एकच डोक्यात होतं.

दवाखान्यात तिची आई आली ती गणपतीच्या कारखान्यातून तशीच, कोपरापर्यंत पांढरी.

"बाई, लहानपणापासनं तिला दम हाय. प्लास्टरची धूळ सोसत नाय तिला. तिनं सांगितलं नाय काय?"

आमच्याकडे दम्याला दमच म्हणतात. रोह्याला माझ्या सासऱ्यांनाही दम होता, घरात हा शब्द रोज कानावर पडायचा. शाळेत शिरले की मात्र मला फक्त पुस्तकातला दम ऐकू यायचा.

तिची वही अजून माझ्या पिशवीतच होती. खरं सांगायचं म्हणून ती अर्धी बाहेर काढली, पण भीतीनं परत आत सरकवली.

तेवढ्यात पोरीनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"आये, बाईंना काय बोलू नको. माझंच लिवायला चुकलं होतं. बाईंनी बरोबर करून दिलं."