पिवळ्या मण्यांत तुरीची डाळ

रुखवताचा एक कायदा असतो. टेबलावर जे जे मांडलंय ते सगळं नवरीनं केलं, असंच म्हणायचं. मग नवरीनं जन्मात सुई धरलेली नसली तरी चालतं. तिरोड्याच्या अलीकडच्या त्या गावात तर मोहल्ल्यातल्या पंचवीस-तीस नवऱ्यांचं रुखवत एकाच बाईच्या हातचं होतं, आणि तिचं नाव एकाही पाटीवर नव्हतं.

ती बाई म्हणजे गुलाब. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून विशीतच धाकट्या भावाच्या, चंद्रशेखरच्या घरी परत आली, ती तिथलीच झाली. धानाच्या रोवणीला जायची, कापणीला जायची आणि उरलेल्या वेळात लोकरीचे हंस, साबणाला टाचण्या टोचून केलेली परडी, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, असं काही ना काही हातात असायचंच. लग्नात पोरी कौतुक ऐकून लाजायच्या आणि गुलाब पंगतीत वरण वाढता वाढता मनातल्या मनात हसायची. भावाच्या घरी आपण फुकटचं खात नाही, एवढं तिला त्यातून कळत होतं आणि तेवढं तिला पुरत होतं.

२००८च्या उन्हाळ्यात चंद्रशेखरच्या स्नेहलचं लग्न ठरलं, देवरीच्या राहुलशी. पोरीनं आधीच सांगून टाकलं, "आत्या, मले बाकी काही नको. मण्यांचं तोरण पायजे, आपल्या पंचशील झेंड्याच्या रंगाचं."

निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही बौद्ध झेंड्याचा हा क्रम झोपेत सांगेल. "करतो ना वं," गुलाब म्हणाली खरी, पण ते सोपं नव्हतं.

कारण गुलाबला पिवळा आणि पांढरा वेगळा दिसतच नव्हता. दोन वर्षं झाली, डोळ्यांपुढं मळकट काच धरल्यासारखं झालं होतं. धुतलेली पांढरी साडी तिला हळदीतून काढल्यासारखी दिसायची. मोतीबिंदू, दुसरं काय! पण तिनं हे कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं. समोरच्या घरातल्या गंगाकाकीला ती रोज पाहत होती. नजर गेली तशी काकीची खाट बाहेर छपरीत आली, ताट खाटेवरच यायला लागलं आणि मग तिला कोणी काही विचारेनासंच झालं. बरं, काकी निदान पोटच्या पोराच्या घरात होती. गुलाब भावाच्या. डोळ्यांच्या शिबिरात नाव लिहायचं म्हणजे आधी गावभर बोभाटा, आणि मग रुखवताला हात कोण लावू देतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ती गप्प बसली. लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू.

तिनं एक युक्ती काढली. दुकानदाराकडून प्रत्येक रंगाची पुडी वेगळी बांधून घेतली आणि घरी पाच वाट्या मांडल्या. लाल, निळा, केशरी अजून कळत होते. पांढऱ्या वाटीत तिनं चार दाणे तांदळाचे टाकले, पिवळ्या वाटीत चार दाणे तुरीच्या डाळीचे. बोट फिरवलं की रंग कळायचा. तरी जीव टांगणीलाच. रोज सकाळी आधी वाट्यांत बोटं घालून पाहायची, तेव्हा कुठं चहा घशाखाली उतरायचा.

तोरण अर्ध्यावर आलं. एक दिवस ती विहिरीवरून परतली, बसली, एका वाटीत बोट घातलं. नुसते मणी. दुसरीत घातलं. तिथंही नुसते मणी.

"नीला, वाट्या कोणी हालवल्या वं?" तिनं भावाच्या बायकोला विचारलं.

"मीच जी. सारवाचं होतं," चुलीपाशी बसलेली नीला बोलली. "अन् मण्यात कायचा कचरा भरला होता, बाई! सारा निवडून फेकला."

"बेस केलं," गुलाब म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिनं दोन्ही वाट्या दारात उन्हाला धरल्या. दोन्ही हळदीच्याच. ओवलेल्या अर्ध्या तोरणाशी लावून पाहिल्या, तेही तसंच. शेवटी अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "जरा पिवळी वाटी सरकव ना वं इकडं."

"तुमच्या हातापाशीच तर हाय! माहे हात पिठाचे हायेत."

कोणत्या हातापाशी, हे विचारता येईना. गुलाबनं देवाधर्माचं नाव घेतलं नाही, ती सवय घरात नव्हती. तिनं उजवीकडची वाटी पिवळी समजून उचलली आणि ओवायला बसली.

लग्नाच्या दिवशी मांडवात तोरण मधोमध लागलं. बाया येत होत्या, पाहत होत्या, "माय वो, किती बारीक काम!" म्हणत होत्या. गुलाब खांबाला टेकून उभी. चेहरे धूसर, म्हणून ती नुसती कान देऊन होती. तेवढ्यात नवरदेवाची आई, अलकाबाई, तोरणापाशी थांबल्या. देवरीच्या शाळेत मास्तरीण होत्या.

"हे कोणी केलं जी?"

"आमच्या स्नेहलनं!" नीला फुशारकीनं म्हणाली. "सारं तिच्याच हातचं."

"मंग पोरीले आपल्या झेंड्याचे रंग माहीत नाई का? इथवर बरोबर हाय. इथून पुढं पिवळ्याच्या जागी पांढरा अन् पांढऱ्याच्या जागी पिवळा."

मागं कोणीतरी खुसखुसलं, "डी.एड. झाली म्हणे!" स्नेहलनं तोरणाकडं पाहिलं, मग आत्याकडं पाहिलं. कायदा तिलाही ठाऊक होता. मान खाली घालून अलकाबाईंना म्हणाली, "चुकलं माझं, आई."

गुलाबला गंगाकाकीची खाट दिसली. तेवढी मात्र स्वच्छ दिसली. पण पोर नांदायला निघाली होती, आणि पहिल्याच दिवशी तिच्या कपाळी हा टिक्का? ती खांब सोडून पुढं आली.

"तिचं नाई चुकलं. ते माह्या हातचं हाय. मले पिवळा-पांढरा दिसत नाई, दोन वर्षं झाले."

तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं आपल्या कामाला आपलं म्हटलं, आणि तेही चुकलेल्या. मग नीलाचा आवाज आला, एकदम बारीक.

"बाई, ते तांदूळ अन् डाळ... तुमी टाकले होते का?"

गुलाबनं मान हलवली.

"अन् मी निवडून फेकले ना वो!" नीलानं तोंडाला पदर लावला आणि सगळ्यांसमोर रडायला लागली. "मले काऊन नाई सांगितलं? मी काय परकी हावो का?"

गुलाबला वाटत होतं, आता कोणीतरी हाताला धरेल आणि एका बाजूला नेऊन बसवेल. पण स्नेहल उठली. राहुलच्या खिशातला पेन घेतला, तोरणाखालची 'वधूची कलाकृती' लिहिलेली पाटी उचलली, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि पाटी परत होती तिथं ठेवली. म्हणाली, "हे असंच माह्यासंगं येईल. एक मणी उसवाचा नाई."

गुलाब पाटीपाशी वाकली, नाक टेकेपर्यंत वाकली. अक्षरं काही हाती लागली नाहीत.

"काय लिहिलं वं?"

नीलानं डोळे पुसले आणि वाचलं, "गुलाब आत्याच्या हातचं."

"पुन्हा वाच," गुलाब म्हणाली.